काचेला बोट, बोटाला बोल

सर्व नातेवाईक, स्नेही, शेजारी, कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमधले माझे गिऱ्हाईक, आणि काडीचा संबंध नसूनही दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय ज्यांना घास गिळवत नाही अशा तमाम सज्जनांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, सन दोन हजार अठराच्या नारळी पौर्णिमेला, एकोणीस वर्षांच्या अखंड व निष्कलंक सेवेनंतर, प्रस्तुत लेखकाला 'सासूबाईंचा सारथी' या पदावरून दूर करण्यात आले. कारणे दाखवा नोटीस मिळाली नाही. निरोपसमारंभ झाला नाही. नारळाच्या करंज्यांचा डबा मांडीवर देऊन लेखकाला मागच्या सीटवर, मधोमध, जिथे पाय ठेवायला उंचवटा असतो त्या जागी बसवण्यात आले.

आता ही नेमणूक मुळात झाली कशी, ते सांगतो.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, माहेरच्या हर्णैच्या. लग्न होऊन उरणच्या कोळीवाड्यात आल्या आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी पनवेलच्या बाजारात मासळी विकली. दर नारळी पौर्णिमेला हर्णैला जाऊन भावाला राखी बांधायची, हा त्यांचा नेम. आधी एसटीनं जायच्या. मी पहिली आणि आजवरची शेवटची गाडी घेतली, त्या वर्षी त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चला, मोठे." त्यांना दोन मुली. थोरली रंजना माझी बायको, म्हणून मी 'मोठे'. धाकटी वनिता, तिचा नवरा हरेश, तो 'धाकटे'. जावयांची नावं त्या घेत नाहीत.

साडू हे नातं आपल्याकडे कुणीतरी फार विचार करून काढलेलं असावं. भाऊ नाही म्हणून माया लावायची सक्ती नाही, शत्रू नाही म्हणून उघड भांडता येत नाही, आणि दोघांच्याही पेपराला परीक्षक एकच. हरेश माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. कंटेनर यार्डात सुपरवायझर. करंजाड्याला सातव्या मजल्यावर फ्लॅट. माणूस सरळ, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाचा हेवा करायला खरोखर कष्ट पडतात, पण मी कष्टाळू आहे.

त्या जुलैत त्यानं गाडी घेतली. तिच्यात बटण नावाची वस्तू नव्हती. पुढ्यात एक काच, आमच्या घरच्या पोळपाटाहून मोठी, आणि सगळं त्या काचेत. गाणी काचेत, नकाशा काचेत, थंड हवा काचेत. गाडी मागे घेताना मागचा रस्ता काचेत दिसायचा, वर पिवळ्या-हिरव्या रेघा आखलेल्या. मी गेली तीस वर्षं ट्रकचे सुटे भाग विकतो. बटण, खटका, मूठ, दांडा हे माझं अन्न. आणि इथे एक अख्खी गाडी माझ्या दुकानातल्या एकाही वस्तूवाचून दिमाखात उभी होती.

लोक म्हणतात, मत्सर वाटला. मला वाटला नाही. मला तो झाला, गोवर होतो तसा, अंगभर.

पहिला दिवस: करंजाडे ते हर्णै

सकाळी सातला निघालो. पुढे हरेश आणि आई. मागे एका खिडकीला रंजना, एका खिडकीला वनिता, मध्ये मी आणि करंज्या.

पळस्पे फाटा ओलांडेपर्यंत हरेशनं काचेची ओळख करून दिली. "आई, हे बघा, हे घर. घरावर बोट ठेवलं की सगळं परत पहिल्यासारखं. हा पंखा. पंख्यावर बोट ठेवलं की हवेचं पान उघडतं. मग इथून असं सरकवायचं."

"पान?" आई म्हणाल्या. "गाडीला पानं कवापासून आली?"

"आता सगळ्याला पानं असतात, आई."

मला ती काच इतकी आवडली होती की बोलवेना. रंग बदलायची. बोट फिरवलं की चित्रं अशी सरकायची, जशी मासळीबाजारातली बाई पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकापुढे सुरमई सरकवते. मी पुढे वाकून बघत होतो. "दादा, तुम्ही आरशाच्या आड येताय," हरेश म्हणाला. मी मागे झालो. एका सारथ्याला दुसऱ्या सारथ्यानं असं म्हणणं म्हणजे काय, ते ज्याचं पद गेलंय त्यालाच कळेल.

कर्नाळ्याच्या झाडीत गार वाटायला लागलं. आईंना एसी सोसत नाही. माझ्या गाडीत त्यांच्यासमोर एक काळी मूठ आहे, फिरवली की 'कट्ट' असा आवाज होतो. डावीकडे दोन कट्ट म्हणजे वारा कमी, तीन म्हणजे बंद. एकोणीस वर्षांत त्यांनी त्या मुठीकडे एकदाही बघितलेलं नाही. बोलता बोलता हात जायचा, कट्ट कट्ट व्हायचं, गोष्ट पुढे चालू.

इथे त्यांनी सवयीनं हात पुढे केला आणि तो काचेपाशी जाऊन थबकला. मग पंख्यावर बोट ठेवलं. काही झालं नाही. दाबलं. काही नाही. अंगठा लावला, मग मधलं बोट लावलं.

"मना नाय वलखत," आई म्हणाल्या.

"जरा बोट ओलं करून बघा," वनितानं सुचवलं.

"रेशनच्या दुकानातलं यंत्र पन असंच करतं. अंगठा ठेव म्हनतं, आणि मग म्हनतं, तू कोन?" आई हसल्या, पण हात मागे घेतला. चाळीस वर्षं खवले काढून, कोयतीवर मासे कापून त्यांच्या बोटांच्या रेघा पुसल्या आहेत. बोटं झिजून गुळगुळीत झाली आहेत, नदीतल्या गोट्यांसारखी. हरेशनं स्वतः बोट ठेवून हवा कमी केली आणि आईंनी पदर गुंडाळून घेतला. मला मनातून बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

वडखळला वडे खाल्ले. बाहेर नेहमीचा चिखल आणि नेहमीची रांग. हॉटेलवाला हात पुसत बाहेर आला आणि काचेतून आत डोकावून म्हणाला, "टीव्ही हाय का?" हरेशनं त्याला मागचा कॅमेरा दाखवला. वीस वर्षं मी त्याच्याकडे वडे खातोय. माझी गाडी बघायला तो कधी गल्ल्यावरून उठला नव्हता.

पण देव आहे. देव वडखळ आणि नागोठण्याच्या मध्ये राहतो, खड्ड्यात.

त्या वर्षी तिथे रस्ता असा नव्हताच. खड्डे होते आणि खड्ड्यांच्या मध्ये त्यांना वेगळं ठेवण्यापुरतं डांबर होतं. हरेशनं गाणं बदलायला बोट पुढे केलं, गाडी उडाली, बोट नकाशावर पडलं. नकाशा पुण्याला निघाला. तो मिटवायला पुन्हा बोट, पुन्हा खड्डा, आणि हवा एकदम अठरावर. काचेत हात ठेवायला कडा नाही, मुठीला धरून स्थिर राहायची सोय नाही. बोट हवेत तरंगत राहतं आणि गाडी ठरवते ते कुठे उतरणार. तिसऱ्या खड्ड्याला बोट फोनच्या चित्रावर उतरलं. गाडीभर रिंग वाजायला लागली.

"कट करा, कट करा!" वनिता ओरडली.

"करतोय गं! लाल गोळा कुठंय?"

चौथा खड्डा. आणि गाडीच्या चारही दारांतून एक भारदस्त आवाज आला. "बोला हरेश. ताप उतरला का?"

हे त्याचे साहेब होते. हरेशनं तापाची रजा टाकली होती.

मग हरेशनं खोल घशातून, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा आवाज काढला, "नाही साहेब... थंडी वाजतेय." आणि आई, ज्यांना साहेब कुठून बोलतायत तेच कळलं नव्हतं, कळवळून म्हणाल्या, "वाजंल नाय तर काय! किती गार करून ठेवलंय, ते बंद करा की!"

"आई आहेत वाटतं शेजारी," साहेब म्हणाले. "काळजी घ्या. काढा प्या."

मी करंज्यांच्या डब्यावर डोकं टेकून हसलो. डोळ्यांतून पाणी आलं. रंजनानं मला कोपर मारलं, पण तिचाही खांदा हलत होता. त्या चार मिनिटांसाठी मी हरेशला सगळं माफ केलं.

मग माणगावला गाडी मागे घेताना त्या पिवळ्या-हिरव्या रेघा पुन्हा दिसल्या आणि माफी रद्द झाली.

संध्याकाळी हर्णै. आभाळ खाली आलेलं, सुवर्णदुर्ग पाण्यात काळ्या ढेकळासारखा, खाडीत होड्या रंगवून, पताका लावून उद्याची वाट बघत उभ्या. सगळीकडे ओल्या लाकडाचा, तेलरंगाचा आणि सुकटीचा वास. मामा, म्हणजे आईंचे धाकटे भाऊ, दारात उभे होते. पंचाहत्तरीचे, आयुष्यभर तांडेल होते, म्हणजे होडीचे कप्तान. पुढे येऊन त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्या हातातून किल्ली घ्यायला हात पुढे केला, ती जपून ठेवायची त्यांची पद्धत आहे, आणि माझ्या हातात करंज्यांचा डबा बघून थांबले.

"काय मोठे, बदली झाली?"

दुसरा दिवस: हर्णै

आता जे सांगतो ते मी घरी अजून कबूल केलेलं नाही, फक्त पकडला गेलोय.

पहाटे साडेपाचला जाग आली. सगळे झोपले होते. हरेशनं किल्ली मामांकडे दिली होती आणि मामांनी ती देवळीत, लक्ष्मीच्या फोटोखाली ठेवली होती. लक्ष्मीनं माझ्याकडे पाहिलं, मी लक्ष्मीकडे. मग मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

गाडीत बसलो. पुढे, उजवीकडे, चाकामागे. दार हळूच लावलं. काच उजळली. तासभर मी जे केलं ते पन्नाशी उलटलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं. गाणी पुढे-मागे केली, आवाज बंद ठेवून. नकाशा फिरवून पनवेल शोधलं, बोटांनी ताणून मोठं केलं, माझ्या दुकानाची गल्लीसुद्धा दिसली. मागचा कॅमेरा लावून मामांच्या कोंबडीला त्या हिरव्या रेघांमधून चालत जाताना पाहिलं. ती एकदाही रेघेला शिवली नाही. जे काही दाबता येतं ते सगळं दाबलं. आणि मग एका पानावर झेंड्यांची रांग दिसली. मला वाटलं देशांचे नकाशे असतील. एक झेंडा दाबला.

काच क्षणभर काळी झाली आणि परत आली, ती वेगळी होऊन. अक्षरं इंग्रजीच, पण कुणावर दोन टिंबं, कुणाच्या पायाला आकडी, कुणाच्या डोक्यावर टोपी. शब्द एक ओळखीचा नाही. कुठल्या देशाची भाषा ते मला आजही माहीत नाही.

मी घाबरून परत फिरलो, पण वाट सापडेना. एक पान उघडलं, त्यातून दुसरं. कुठेतरी सीट मागे गेली. कुठेतरी वायपर फिरले. कुठेतरी एकदम मोठ्यानं समोरच्या काचेवर वारा सुटला, आणि ते बंद कसं करायचं ते शोधताना मी चार वेळा सुरू आणि चार वेळा बंद केलं. झेंड्यांचं पान मात्र पुन्हा भेटलं नाही. घरात भांड्यांचा आवाज झाला. मी काच विझवली, किल्ली लक्ष्मीला परत केली आणि पडवीत येऊन बसलो, जणू जन्मापासून तिथेच आहे.

"कुठं होतात?" रंजनानं चहा देताना विचारलं.

"समुद्र बघत होतो."

"समुद्र पुढच्या दारी आहे. तुमच्या चपलांना कोंबडीची घाण लागलीय."

मी चहा प्यायलो.

नऊ वाजता बंदरावर जायला हरेशनं गाडी सुरू केली आणि त्याचा चेहरा पडला. "हे काय झालं?" वनिता वाकून बघायला लागली. मामा आले. सगळे त्या टोप्या घातलेल्या अक्षरांकडे बघत राहिले. हरेशनं शोरूमला फोन लावला, सणाची सुट्टी, कुणी उचलेना. मग वनिता म्हणाली, "काल पोचल्यावर आई एकटीच बसली होती ना गाडीत, सामान काढेपर्यंत?"

आईंनी लगेच मान हलवली. "मी बोट लावलंतं. गार लागत व्हतं म्हनून. दोन-तीनदा लावलं."

"असू दे आई," हरेश म्हणाला, अगदी प्रेमानं म्हणाला, "पण आता नका हात लावू, हां?"

त्या 'हां'नं काय केलं ते फक्त मी पाहिलं. लहान मुलाला काचेच्या भांड्यापासून लांब करताना आपण जो 'हां' म्हणतो, तो होता तो. ज्या बाईनं चाळीस वर्षं बाजारात कुणाला भाव पाडू दिला नाही, तिनं उजवा हात पदरात घेतला आणि झाकून ठेवला.

आणि मला माहीत होतं. ती काच त्यांचं बोट ओळखतच नव्हती, हे काल सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी शंभर वेळा लावलं असतं तरी काही झालं नसतं. मी एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग प्रश्न आला असता, आई नाही तर कोण? शिवाय हरेश घामाघूम होऊन काच चाचपत होता आणि ते दृश्य, खरं सांगतो, मला नारळीभातापेक्षा गोड लागत होतं. मी गप्प राहिलो.

बंदरावर आमच्याकडच्यासारखी धामधूम नव्हती. आमच्या उरणकडे नारळाला सोनेरी कागद, बँड, मिरवणूक, पोरींचे हिरवे शालू. इथे मामा गुडघाभर पाण्यात गेले, नारळ दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटले, घरातल्या वडीलमाणसाशी बोलावं तसं, आणि नारळ सोडून दिला. लाटेनं तो एकदा परत आणला. मामांनी पायानं हळूच पुढे ढकलला. बस्स.

मग त्यांनी आम्हाला मुलाच्या होडीवर नेलं. तिथे मासे दाखवणारं यंत्र होतं, छोटा पडदा आणि खाली जाड रबरी बटणं, त्यावर बोटाएवढे उंचवटे. "काळोख असतो," मामा म्हणाले. "हात वलं, बोटं गारठलेली, होडी हालतेय. बटन डोल्यांनी नाय शोधायचं. बोटानं शोधायचं. डोलं पान्यावर ठेवायचं." मग हरेशकडे वळून, "तुमचं वल्या हातानं चालतं काय, धाकटे?" आणि उत्तराची वाट न बघता, गाडीपाशी परत आल्यावर, खाऱ्या पाण्यानं ओला हात त्या काचेवर ठेवला. काचेनं गाणं लावलं, बंद केलं, पुन्हा लावलं. मामांनी हात काढला, लुंगीला पुसला आणि म्हणाले, "बावरलंय बिचारं."

राखीच्या वेळी आईंनी डाव्या हातानं तबक धरलं. मामा रागावले. "उजवा कुठं गेला तुझा?"

"हाय," आई म्हणाल्या, "पन त्याला खोड लागलेय." आणि मग उजवा बाहेर काढून राखी बांधली. नारळीभात समोर आला. मामींनी वेलची घातली होती, लवंग नाही. एरवी आई यावर अर्धा तास बोलतात, एकोणीस वर्षं बोलत आल्या आहेत. त्या दिवशी मुकाट्यानं जेवल्या. मला तो भात नको होता. तरी मी दोनदा वाढून घेतला, कारण नाही म्हणालो असतो तर रंजनानं कारण विचारलं असतं.

तिसरा दिवस: कशेडी घाट

सकाळपासून पाऊस धो धो. सामान ठेवता ठेवता पाचही जण भिजलो. खेडपर्यंत बरं गेलं. हरेश अंदाजानं एसी चालवत होता, पण आईंच्या दातांचा आवाज मागेपर्यंत यायला लागला. त्या मागत नव्हत्या. हात पदरात, नजर बाहेर. शेवटी रंजना म्हणाली, "हरेश, बंदच कर ना तो." हरेशनं चाचपडत तो बंद केला.

घाट लागला आणि धुकं आलं. बाहेर धुकं, आत पाच ओली माणसं आणि त्यांचे श्वास. तिसऱ्या वळणावर समोरची काच आतून पांढरी झाली. कुणीतरी दुधाचा हात फिरवावा तशी.

"पुसा कुणीतरी!" हरेश म्हणाला. वनितानं मागून ओढणी दिली, आईंनी डाव्या हातानं पुसलं. चार सेकंद रस्ता दिसला. पुन्हा पांढरं. डावीकडे दरी होती हे आम्हाला माहीत होतं, म्हणजे आठवत होतं. दिसत काही नव्हतं. मागे ट्रक. त्याचा हॉर्न एवढा जवळ होता की करंज्यांच्या रिकाम्या डब्याचं झाकण वाजत होतं. थांबायला कड नाही. हरेशनं एक हात चाकावर ठेवून दुसऱ्यानं काच चाचपायला सुरुवात केली. डोळे खाली गेले, गाडी डावीकडे सरकली. आई ओरडल्या. डोळे वर आले, गाडी सावरली. पुन्हा बोट, पुन्हा डोळे खाली. एक पान, दुसरं पान, टोप्या घातलेली अक्षरं, गाणं सुरू झालं.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्या तापाच्या सोंगासारखा मुळीच नव्हता. "दादा, मला वाचता येत नाहीये."

आयुष्यात काही वेळा माणूस विचार करून चांगलं वागतो. ही तसली वेळ नव्हती. मी दोन सीटांच्या मधून पुढे झेपावलो.

"खाली बघू नकोस. तू रस्ता बघ. फक्त रस्ता!"

आणि माझं बोट गेलं. उजवीकडून डावीकडे एकदा सरकवलं. वरच्या कोपऱ्यातला चौकोन. खालचं दुसरं चित्र. मग तीन वाकड्या रेघा, आणि त्या नुसत्या दाबून चालत नाही, दाबून धराव्या लागतात. मी दाबून धरल्या. समोरच्या काचेवर वारा सुटला, पहाटे सुटला होता तसाच, मोठ्यानं. खालून एक काळी पट्टी उघडली, वर वर सरकत गेली, आणि आधी दगडी कठडा, मग पांढरा पट्टा, मग अख्खा कशेडी घाट पुढ्यात उभा राहिला. कठडा आमच्यापासून हातभर होता.

मग मी गाणं बंद केलं. तेही एका बोटात. तेवढं नको करायला हवं होतं.

पोलादपूरपर्यंत वायपर तेवढे बोलत होते.

घाट उतरल्यावर हरेशनं एका टपरीपाशी गाडी लावली. चहा आला. तो माझ्याकडे बघत होता, कृतज्ञतेनं आधी, आणि मग हळूहळू दुसऱ्याच कशानं तरी.

"दादा, तुम्ही वाचवलंत आज," तो म्हणाला. "पण... ती भाषा तुम्हाला येते?"

"भाषा कशाला," मी म्हणालो, "साधा अंदाज. तीस वर्षं सुट्या भागांत गेलीत."

"दाबून धरायचं असतं हेसुद्धा अंदाजानं?" वनिता म्हणाली. "भाऊजी, हे मलाही माहीत नव्हतं, आणि गाडी माझी आहे."

रंजनानं चहाचा घोट घेतला. घाईनं नाही. "यांनी काल समुद्र पाहिला ना पहाटे," ती म्हणाली. "कोंबड्यांच्या बाजूचा."

मी वडे मागवायला उठलो. रंजनानं सदऱ्याचं टोक धरून खाली बसवलं.

मग एकामागून एक सगळ्यांचे चेहरे आईंकडे वळले. आईंनी पदर बाजूला केला. उजवा हात बाहेर काढला, पहिलं बोट उजेडात धरलं, वळवून बघितलं, पुढून आणि मागून. मग माझ्याकडे बघितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईनं एकोणीस वर्षांत मला वावगा शब्द ऐकवला नव्हता, आणि आताही ऐकवायचा नव्हता बहुतेक, कारण तो तोंडातून गेल्यावर त्यांनी स्वतःच जीभ चावली. पण तो गेला, आणि एवढ्या मोठ्यानं गेला की टपरीवाल्यानंही गाळणी हातात धरून मागे वळून पाहिलं.

"पोटात दुखत व्हतं तर ओवा मागायचा ना, मोठे! माजं बोट कशाला पुढं केलं?"